परतीचं कारण

समजा, तुम्हाला अशा एका देशात जायचंय, जिथे तुमच्या ओळखीपाळखीतलं कुणीच कधी गेलेलं नाही. नकाशावर तो सापडतो, पण दोन मोठ्या देशांच्या मधे, शिवणीत अडकलेल्या बटणासारखा. त्याचा दूतावास तुमच्या शहरात नाही. संकेतस्थळ उघडलं, तर अर्धं त्यांच्या भाषेत आणि उरलेलं कुठल्याच भाषेत नाही. फोटो चढवायला जावं, तर फाइल मोठी आहे म्हणतं. लहान करावी, तर चेहरा अस्पष्ट आहे म्हणतं. कसाबसा फोटो बसतो, तुम्ही पुढच्या पानावर जाता आणि तिथे एक चौकोन असतो: प्रवासाचा उद्देश. खाली तीनच पर्याय. व्यवसाय, पर्यटन, इतर. तुम्ही प्रामाणिकपणे 'इतर'वर बोट ठेवता आणि आधीची सगळी पानं पुसली जातात. करा पुन्हा पहिल्यापासून.

आता हेच तुम्हाला रोज करायचंय, दुसऱ्यांसाठी, आणि तेही न चिडता.

परतीवाले म्हणून ओळखले जाणारे एक व्हिसा एजंट हेच करत आले. मोठ्या, गाजलेल्या देशांचे व्हिसा काढणारे शहरात ढिगाने आहेत. त्यांची ऑफिसं थंडगार, भिंतीवर उंच इमारतींची चित्रं. परतीवाल्यांचं ऑफिस म्हणजे फोटो स्टुडिओच्या वरची एक खोली. लोखंडी जिना, दार ढकललं की एक टेबल, त्यावर काच, काचेखाली नमुन्याचे फोटो: हा चालेल, हा चालणार नाही, कान दिसत नाहीत, मागे सावली पडली आहे. एक स्कॅनर, जो झाकणावर जुना शब्दकोश ठेवल्याशिवाय नीट काम करत नाही. आणि गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्या, त्यातली एक किंचित डुगडुगणारी. जिथे फारसं कुणी जात नाही, अशा देशांची कामं इथे येत. पंप विकणारे, डाळी खरेदी करणारे, पक्षी बघायला कुठेही जायला तयार असलेले लोक.

परतीवाले हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. कारण माणूस खुर्चीत टेकला, की ते पहिला प्रश्न विचारत: "परत कशासाठी येणार?"

लोक चक्रावत. जायच्या आधीच यायचं काय विचारता? मग ते समजावत, की जायचं कारण सगळ्यांकडेच असतं हो. व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला त्यात रस नसतो. त्याला एवढंच बघायचं असतं, की इकडे तुम्हाला ओढून आणणारं काही आहे का. नोकरी, दुकान, घर, शाळेतली पोरं, काहीतरी. ते सापडलं, की पुढचा अर्ज आपोआप भरत जातो.

आणि त्यांचा एक नियम होता. अर्जासोबतच्या पत्रात खोटं लिहायचं नाही.

मागे एक पंपवाला आला होता. शेतीचे पंप बसवून द्यायला एका डोंगराळ देशात निघाला होता.

"काका, पर्यटन लिहून टाका ना. व्यवसाय म्हटलं की त्यांचं आमंत्रणपत्र लागतं, त्यावर शिक्का लागतो आणि तिथला बाबा फोनच उचलत नाही."

"बॅगेत काय नेणार?"

"कपडे."

"आणि?"

"नट खोलायचे पाने, दोन-चार. आणि सीलचा डबा."

"पाने घेऊन डोंगर बघायला कोण जातं? विमानतळावर बॅग उघडली, की तुमचं पर्यटन संपलं. आमंत्रणपत्र मागवा. आता सांगा, परत कशासाठी येणार?"

"अहो दुकान आहे माझं! आई आहे, पोरं आहेत."

"बायको?"

"ती सगळ्यांत धरलेलीच आहे की!" पंपवाला म्हणाला आणि दोघं पोट धरून हसले.

हा किस्सा परतीवाल्यांनी त्या दिवशी घरी जेवताना सांगितला. घरी त्यांचं ऐकणारं माणूस एकच, त्यांची बायको. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. बायको काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. पट्ट्यावरून येणारी बाटली उचलायची, दिव्यासमोर धरायची, काचेत बुडबुडा किंवा तडा दिसला तर बाजूला काढायची. कारखान्यात सगळे तिला उजेडबाई म्हणत. घरीसुद्धा नवा कप आणला, तरी ती आधी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघे.

पंपवाल्याच्या किश्श्यावर ती हसली नाही. म्हणजे नाराज झाली असंही नाही. "बरं," म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

परतीवाले जेवताना देश सांगत. वर्षानुवर्षांची सवय. अमक्या देशाचा शिक्का हिरवा, त्यावर शेळीचं चित्र. तमक्या देशात विमान आठवड्यातून एकदाच उतरतं आणि उतरलं की अर्धं गाव बघायला येतं. त्यांनी देशांना आपली आपण नावं ठेवली होती. फोन-न-उचलणारा देश. दोन-खिडक्यांचा देश. आणि त्यांचा सगळ्यात लाडका, तळ्याचा देश. त्याच्या व्हिसाची जी चिकटपट्टी पारपत्रात लावतात, तिच्यावर एक तळं होतं, निळंशार, मागे बर्फाचे डोंगर. ते तळं ते असं रंगवून सांगत, जणू कालच त्यात पाय बुडवून आलेत.

गेले मात्र ते कुठेच नव्हते. पारपत्र दोनदा नवं करून घेतलं, दोन्ही वेळा कोरं. उजेडबाई आधी म्हणायची, "आपण जाऊ या ना एकदा." ते म्हणायचे, "एवढा हंगाम जाऊ दे." हंगाम जायचा, दुसरा यायचा. कुणाची तरी फाइल कुठेतरी अडकलेली असायचीच. मग हळूहळू तिने म्हणणं सोडलं. आणि ते सोडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ती कारखान्यातून निवृत्त झाली, त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं आणि उजेडबाई आत आली. परतीवाल्यांना वाटलं, घराची किल्ली विसरली असेल. पण ती येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. डुगडुगणाऱ्या. बसून एकदा ती हलवून बघितली, मग उठून दुसऱ्या खुर्चीत बसली.

"बोला," परतीवाले गमतीने म्हणाले.

तिने पिशवीतून पारपत्र काढलं आणि काचेवर ठेवलं. त्यावर फोटोचं पाकीट ठेवलं. "तळ्याच्या देशाचा व्हिसा काढायचाय. एक माणूस. पर्यटन."

"एक माणूस म्हणजे?"

"म्हणजे मी."

"अगं, एकटी? तिथे कशाला?"

"तुम्ही इतकी वर्षं जेवताना इतके देश सांगितलेत. त्यातला एक तरी खरा आहे का, बघून येते."

हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली, की थट्टा आहे की काय, ते त्यांना ओळखता येईना. वेळ काढायला म्हणून त्यांनी पाकीट उघडलं. फोटोत ती हसत होती.

"हा चालणार नाही. दात दिसतायत."

"खालच्या फोटोवाल्याने सांगितलं, जरा हसा."

"तो सगळ्यांनाच सांगतो! कितीदा समजावलं त्याला." त्यांनी खिडकीतून खाली ओरडून सांगितलं, "अरे बाबा, व्हिसाचा फोटो आहे, साखरपुड्याचा नाही!"

खालून उत्तर आलं, "वहिनी पहिल्यांदाच आल्या हो माझ्याकडे! म्हटलं, छान येऊ दे!"

उजेडबाई तो नापास फोटो हातात घेऊन बघत बसली. खरंच छान आला होता. परतीवाल्यांनी कोरा अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं, आणि सवयीने, अगदी सवयीनेच, त्यांच्या तोंडून गेलं: "परत कशासाठी येणार?"

खाली कुणाच्या तरी फोटोसाठी दिवा चमकला.

"विचार करून सांगते," उजेडबाई म्हणाली आणि नवा फोटो काढायला खाली गेली.

परतीवाले हसले. मग हसू ओसरलं. आजवर या प्रश्नाला कुणी "विचार करून सांगतो" म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आईला जाऊ द्या ना. खुशाल जाऊ द्या. नाहीतर तुम्हीच जा की तिच्याबरोबर."

"मी कसा जाऊ? त्या डाळवाल्यांची पाच माणसांची फाइल आहे."

"डाळवाले तुमच्याशिवाय उपाशी राहणारेत का?"

"तुला कळत नाही त्यातलं."

"तेही बरोबरच," मुलगी म्हणाली. "मला कळत नाही त्यातलं. आईला कळतं." आणि तिने दुसराच विषय काढला.

मग परतीवाले कामाला लागले. बायकोची फाइल म्हणून त्यांनी जास्तच काळजी घेतली. विम्याचा कागद, मुक्कामाची जागा, जायचं-यायचं तिकीट, सगळं रांगेत लावलं. सोबतचं पत्र टाइप करून छापलं, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारली आणि घरी नेऊन तिच्यापुढे ठेवलं.

"इथे सही कर."

उजेडबाईने पत्र उचललं आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

"अगं, कागदात बुडबुडा नसतो."

"आहे," ती म्हणाली. मग मोठ्याने वाचलं, "'अर्जदाराचे पती घरी असून त्यांची देखभाल अर्जदारावर अवलंबून आहे. त्या कारणास्तव अर्जदार ठरलेल्या तारखेस परत येईल.' देखभाल म्हणजे काय?"

"म्हणजे... तशी लिहायची पद्धत आहे."

"तुम्ही आजारी आहात?"

"नाही."

"तुम्हाला चहा करता येत नाही?"

"येतो. तू केलेला आवडतो."

"ते नाही लिहिलेलं इथे." ती खुर्चीत बसली. "ही ओळ कुणाकुणाच्या पत्रात घालता?"

"सगळ्यांच्याच. म्हणजे लग्न झालेल्या बायकांच्या. चालते ती. आजवर कधी अडली नाही."

"त्या काय म्हणाल्या वाचून?"

परतीवाल्यांनी आठवून बघितलं. फुली दाखवली, की बायका सही करत. वाचायला त्यांनी कुणाला दिलं नव्हतं, आणि मागितलंही कुणी नव्हतं.

"आणि पुरुषांच्या पत्रात काय घालता? बायको घरी असून तिची देखभाल वगैरे?"

"पुरुषांचं वेगळं. दुकान असतं, नोकरी असते, जागा असते."

"आणि बायको?"

"ती सगळ्यांत धरलेलीच..." एवढं बोलून ते थांबले. पंपवाल्याच्या तोंडी हे वाक्य किती मजेदार वाटलं होतं. या खोलीत, या बाईसमोर, ते नुसतंच एक वाक्य होतं आणि त्यात हसण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

उजेडबाईने पेन घेतलं आणि त्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली. पट्ट्यावरून बाटली बाजूला काढावी तशी, रागाने नाही.

"मग दुसरं काय लिहू तिथे?"

"मला अजून सापडलेलं नाही. सापडलं की सांगेन. खोटं लिहायचं नाही, हा तुमचाच नियम ना?"

"अगं, पण जागा मोकळी सोडून कसं चालेल? तू बघ ना. नोकरी संपलेली. घर माझ्या नावावर. मुलगी आपल्या घरी. तुझ्या फाइलला परतीचं असं काहीच..." बोलता बोलता त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. ऑफिसातला आवाज. अनोळखी माणसाची फाइल चाळताना लागतो तो.

"तेच तर मीपण बघितलं," उजेडबाई म्हणाली, आणि खाली सही केली.

त्या दिवसापासून परतीवाल्यांना दोन काळज्या लागल्या. एक तोंडावर सांगण्यासारखी: रेघ मारलेलं पत्र घेऊन गेल्यावर हिला व्हिसा नाकारला तर? इतक्या वर्षांनी बाईने स्वतःसाठी एक गोष्ट मागितली, ती आपल्याच टेबलावरून नापास होऊन यायची. दुसरी काळजी त्यांनी कुणाला सांगितली नाही. व्हिसा मिळाला, आणि हिला परत यायचं कारण सापडलंच नाही, तर?

तळ्याच्या देशाचा दूतावास लांबच्या शहरात होता. पण इथे त्यांचा एक मानद प्रतिनिधी होता. गाड्यांच्या बॅटऱ्यांचा व्यापारी. पूर्वी कधीतरी त्याने त्या देशात बॅटऱ्या पाठवल्या होत्या, त्या चांगल्या चालल्या, आणि त्या लोकांनी याला मोठ्या मानाने पाटी आणि झेंडा देऊन टाकला. आता दुकानाच्या मागच्या खोलीत तो अर्जदारांच्या मुलाखती घेई आणि शिफारस करून फाइल पुढे धाडी. सगळे त्याला बॅटरीवालेसाहेब म्हणत. दुकानात अॅसिडचा उग्र वास आणि आतल्या खोलीत इस्त्री केलेला झेंडा. बॅटरी बदलायला आलेल्याशी तो शर्टाच्या बाह्या वर करून बोले. व्हिसावाला आला, की बाह्या खाली करून बटणं लावी.

त्याचा नियम कडक होता: मुलाखतीला एजंट आत नको. परतीवालेच गिऱ्हाइकांना हा नियम बजावून सांगत आणि वर म्हणत, नियम म्हणजे नियम. उजेडबाईच्या मुलाखतीच्या सकाळी मात्र त्यांनी बघितलं जरा घासाघीस करून.

"साहेब, मी एजंट म्हणून नाही, नवरा म्हणून..."

"मग तर अजिबातच नको," बॅटरीवाला बटणं लावत म्हणाला. "नवरे मधे बोलतात."

दार बंद झालं. परतीवाले एका मोठ्या, ट्रकच्या बॅटरीवर बसले. आजवर कितीतरी लोकांना त्यांनी त्या दारातून आत पाठवलं होतं आणि बाहेर बसून निवांत पेपर वाचला होता. आज पेपरातली एक ओळ डोक्यात जाईना. आतून काहीच कळत नव्हतं. आधी बॅटरीवाल्याचा आवाज, प्रश्नाच्या चालीचा. मग उजेडबाईचा आवाज, हळू, सलग, तिच्या मानाने खूपच बोलणं. आणि मग बॅटरीवाला हसला. टिंगलीचं हसणं नव्हतं ते. एखाद्याने छान काही सांगितल्यावर माणूस हसतो, तसं.

दुकानातला मेकॅनिक म्हणाला, "काका, उठा जरा. ती बॅटरी विकलीये."

ते उठले. तेवढ्यात दार उघडलं. उजेडबाई पदर सारखा करत बाहेर आली आणि तिच्या मागून साहेब.

"पत्रात परतीच्या जागी रेघ मारलीत," तो परतीवाल्यांना म्हणाला. "तुमचा कागद नेहमी पक्का असतो. म्हटलं, यावेळी झालं काय?"

"ते जरा... बरं, होईल ना पण?"

"मी माझं लिहून पाठवतो. पुढचं त्यांच्या हातात." त्याने परतीवाल्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. नवी बॅटरी लावल्यावर गाडी एका सेल्फमध्ये चालू होते का बघावं, तसं. मग बाह्या वर करत गिऱ्हाइकाकडे गेला.

रस्त्याला लागल्यावर परतीवाल्यांना राहवेना.

"काय विचारलं गं त्याने?"

"तुम्ही विचारता तेच."

"मग?"

"सांगितलं."

"म्हणजे सापडलं तुला? काय सांगितलंस?"

उजेडबाई रस्ता ओलांडायला थांबली. दोन्हीकडे बघून म्हणाली, "एजंटांना आत घेत नाहीत ना? मग. नियम म्हणजे नियम."

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. परतीवाले गिऱ्हाइकांना सांगत, "फाइल तिकडे गेली की विसरून जायचं, रोज ट्रॅकिंग बघून ती लवकर येत नाही." आता ते स्वतः येता-जाता पारपत्राचा नंबर टाकून बघत. प्रक्रिया सुरू आहे. प्रक्रिया सुरू आहे. जेवताना देश सांगणंही कमी झालं. एके संध्याकाळी त्यांनी चहा केला आणि कप तिच्यापुढे ठेवला. तिने कप उचलून आधी उजेडात धरला, मग एक घोट घेतला.

"जमलाय," ती म्हणाली.

परतीवाल्यांना वाटलं, आत्ता विचारावं. पण एका कपाच्या जोरावर एवढं मोठं काही मागणं त्यांना बरं वाटेना.

ऑफिसात मात्र एक बदल झाला. लग्न झालेल्या बाईची फाइल आली, की ते सहीच्या फुलीआधी पत्र पुढे करून म्हणत, "आधी वाचा. परतीच्या ओळीत जे वाटेल ते बदला, फक्त खरं असू द्या." एक मास्तरीणबाई पक्षी बघायला निघाल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या देखभालीवर काट मारून लिहिलं, 'माझा कुत्रा दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही.' परतीवाले घाबरले. व्हिसा आला की! मास्तरीणबाईंचे यजमान पेढे घेऊन यावं तसे आभार मानायला आले आणि जाताना म्हणाले, "कुत्र्यानंतर माझा नंबर लागला असता ना हो?"

आणि मग उजेडबाईचं पारपत्र आलं.

परतीवाल्यांनी पाकीट फाडलं. पान उघडलं. चिकटपट्टीवर तेच तळं, तेच डोंगर, आणि कोपऱ्यात तिचा न हसणारा फोटो. मिळाला होता! त्यांनी खिडकीतून खाली ओरडून फोटोवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघा, माझा फोटो!"

मग ते सवयीने तपासायला बसले. नाव बरोबर. नंबर बरोबर. तारखा बरोबर. प्रवेशाच्या चौकटीत त्यांची नजर अडकली. त्यांनी एकदाच जाण्याचा व्हिसा मागितला होता. इथे छापलं होतं: अनेक वेळा. म्हणजे मुदतीत कितीही वेळा जा, कितीही वेळा परत या. पर्यटकाला, तेही पहिल्याच खेपेला, तळ्याचा देश असा व्हिसा देत नसे. त्यांनी तरी आजवर बघितला नव्हता.

त्यांनी लगेच फोन लावला. "साहेब, प्रवेशाच्या जागी चूक झालीये बहुतेक. आपण एकदाच मागितलं होतं."

"चूक नाही. मीच शिफारस केली तशी."

"का पण?"

"बाईंचं म्हणणं ऐकून मला वाटलं, एकदाने भागायचं नाही."

"काय म्हणणं?"

पलीकडे बॅटरीवाला गालात हसला असावा. "आतलं बाहेर सांगता येत नाही हो मला. तुम्हाला का हे सांगायला हवं?"

परतीवाल्यांनी फोन ठेवला आणि पारपत्र पुन्हा उघडलं. अनेक वेळा. त्यांनी ते शब्द उलटसुलट करून बघितले. तिला तिथे पुन्हा पुन्हा जावंसं वाटेल, असा याचा अर्थ? की पुन्हा पुन्हा इकडे यावंसं वाटेल, असा? जितक्या वेळा जायचं, तितक्याच वेळा यावंही लागतं, हे खरं. पण पुढची खेप एकटीची असेल की आणखी कुणाबरोबर, हे काही त्या चौकटीत लिहिलेलं नव्हतं. व्हिसाची भाषा त्यांना पाठ होती. तीसुद्धा अशी अर्ध्यात सोडून जाईल, असं वाटलं नव्हतं.

जायच्या दिवशी ते विमानतळावर सोडायला गेले. काचेच्या दारापाशी शिपायाने तिचं तिकीट बघितलं आणि यांना हाताने थांबवलं. इथेही एजंट आत नको, नवराही नको. उजेडबाईने पिशवी खांद्यावर घेतली. डब्यात काय आहे, गॅस कुठून बंद करायचा, दुधवाल्याला काय सांगायचं, यातलं काही ती बोलली नाही. देखभालीतलं एक अक्षर नाही.

"येते हं," म्हणाली.

आणि दार आपोआप उघडलं, आणि मिटलं.

परतीवाले तिथेच उभे राहिले. कारखान्यात जाताना रोज सकाळी ती हेच म्हणायची. सगळेच म्हणतात. निघालेला माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. पाठीवर पिशवी, तोंड दुसरीकडे, आणि शब्द मात्र परतीचा. त्यांनी तो इतक्या वर्षांत कधी ऐकलाच नव्हता, कानावरून जाऊ दिला होता. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, हा कागदावर घेता आला तर किती फाइलींचं काम सोपं होईल. आणि लगेच वाटलं, कुठल्याही खिडकीवर हा पुरावा धरणार नाहीत. जो परत येणार नसतो, तोही हेच म्हणतो.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून आपलं पारपत्र काढलं. मुदत अजून होती. कोरी पानं खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघितली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पान कोरं असलं तरी आत उजेडात धरल्यावरच दिसणारं पाणचिन्ह असतं, ते दिसलं.

तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे वारा घोंघावत होता.

"अहो, तळं आहे!"

"आहे ना? मी म्हटलं नव्हतं?"

"पण तुम्ही सांगता तसं निळं नाही. काळपट आहे. आणि मधे एक बोट बुडालीये, तिचं नुसतं नाक वर दिसतं. ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"चिकटपट्टीवर बोट नाहीये गं."

"म्हणूनच म्हणते, बघायला लागतं." ती हसली. फोटोतल्यासारखी, दात दिसतील अशी. ते त्यांना न बघताही कळलं. "थंडी फार आहे. पण छान आहे हो. तुम्हाला..." आणि वाऱ्याने पुढचं नेलं.

"हॅलो? मला काय?"

"हॅलो! ऐकू येतंय का?"

परतीवाल्यांनी फोन कानाला घट्ट धरला. आत्ता विचारलं नाही, तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. समोर कोरं पारपत्र उघडं पडलेलं. डाळवाल्यांची फाइल खाली कुठेतरी दबलेली.

"ऐक ना," ते जवळजवळ ओरडले, "त्या बॅटरीवाल्याने आत विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस?"

"काय? आवाज कापतोय तुमचा!"

खरंच कापत होता. लाइनमुळे की कशाने, ते त्यांना तपासता आलं नाही. त्यांनी घसा साफ केला आणि इतकी वर्षं अनोळखी माणसांना सहज विचारलेला प्रश्न, एकेक शब्द सुटा करत, पहिल्यांदाच उत्तर ऐकण्यासाठी विचारला:

"परत कशासाठी येणार?"